नवीन फिश टँक: मासे आणण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं गोड्या पाण्यात गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, गोरामी असे उष्ण प्रदेशातले मासे पहिल्यांदाच ठेवणाऱ्यांसाठी आहेत. समुद्री टाकीचं गणित वेगळं आहे. गोल्डफिशही यात धरलेला नाही, त्याला थंड पाणी आणि बरीच मोठी टाकी लागते.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, त्यामुळेच फसायला होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, मासे खातात, पोरं खूश. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कल्ले लाल दिसतात आणि मग एकेक जायला लागतो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. नदी-तळ्यात हा अमोनिया पसरून जातो, पन्नास लिटरच्या काचपेटीत तो साचतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करून असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते आपोआप येतात, पण हळू वाढतात. त्यांची वस्ती पुरेशी होईपर्यंत थांबणं म्हणजे टाकी 'सायकल' करणं. बाकीची सगळी तयारी एका रविवारी उरकते, या एका कामाला तीन ते सहा आठवडे लागतात.

दुकानदार म्हणतो, दोन दिवस पाणी फिरू द्या आणि मासे सोडा. तो खोटं बोलतो का?

अर्धं खरं बोलतो. दोन दिवसांत क्लोरीन उडतो, गळती असेल तर कळते, खडीचा गढूळपणा बसतो. जिवाणू मात्र दोन दिवसांत येत नाहीत. नुसतं पाणी महिनाभर फिरवलं तरी येणार नाहीत, कारण त्यांना खायला अमोनिया हवा आणि रिकाम्या टाकीत तो कुठून येणार?

वास्तुशांतीच्या दिवशी हॉलमध्ये मासे दिसायलाच हवेत असा घरच्यांचा आग्रह असेल, तर टाकी दीड महिना आधी नव्या घरात लावून चालू करा. मुहूर्त गाठायचा तो एवढाच मार्ग.

पहिली टाकी केवढी घ्यावी?

दोन फूट लांबीची. गोल बाऊल तर नकोच. त्यात फिल्टर बसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग कमी आणि पाणी इतकं थोडं की एक मासा मेला तरी सगळं नासतं. छोटी टाकी सांभाळायला सोपी हा समज उलटा आहे. पाणी जितकं जास्त, तितके चढउतार सावकाश होतात.

लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतील. २४ × १२ × १५ इंचांची टाकी कागदावर ७१ लिटरची होते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात पाणी ५५ ते ६० लिटर. औषधाची, सायकल करताना लागणाऱ्या नवसागराची (त्याबद्दल पुढे आहे) किंवा क्लोरीन घालवायच्या थेंबांची मात्रा या दुसऱ्या आकड्यावर काढायची.

ती ठेवायची कुठे?

या मापाची भरलेली टाकी काच आणि खडी धरून ८० किलोच्या आसपास जाते. टीव्हीचं प्लायचं युनिट तेवढ्यासाठी बनवलेलं नसतं. लोखंडी स्टँड किंवा कडप्प्याचा ओटा उत्तम. पाणसळ लावून पातळी बघा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे खालचा बारीक उंचसखलपणा काचेला बोचणार नाही. खिडकीतून थेट ऊन येईल ती जागा टाळा, नाहीतर पाणी हिरवं होईल. स्विचबोर्ड टाकीच्या बरोबर खाली नको. तसा असेलच, तर प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबू द्या आणि मग वर नेऊन प्लगला लावा. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून जमिनीवर पडतं, बोर्डात जात नाही.

नवी टाकी कशी धुवायची?

साध्या पाण्याने. साबण, भांड्यांचं लिक्विड, फिनाईल यातलं काहीही नाही. जुनी टाकी घेतली असेल आणि काचेवर क्षारांचा पांढरा थर असेल, तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसून तीन-चारदा धुवा. नव्या टाकीच्या सिलिकॉनला आंबट वास येत असेल तर तो पुरता जाऊ द्या. मग बाल्कनीत किंवा मोरीत काठोकाठ भरून एक दिवस ठेवा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. गळती हॉलमध्ये कळण्यापेक्षा तिथे कळलेली बरी.

खडी कोणती? संगमरवराचे पांढरे तुकडे छान दिसतात.

दिसतात, पण संगमरवर आणि शिंपले पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं करतात, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) वर ढकलतात. निऑन टेट्रा, एंजल यांना ते मानवत नाही. कुठलाही दगड टाकीत घालण्याआधी त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुनखडीच्या जातीचा, बाहेर ठेवा. आपला काळा बेसॉल्ट बहुतेक वेळा या परीक्षेत पास होतो.

नदीची ३-४ मिलिमीटरची गोल खडी घ्या, दीड-दोन इंचांचा थर पुरतो. बादलीत घालून, हाताने ढवळून, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली तर आठवडाभर गढूळ पाणी बघत बसाल. निळी-गुलाबी रंगवलेली खडी रंग सोडू शकते, मला ती आवडतही नाही.

लाकूड घालायचं असेल तर आधी उकळून घ्या आणि काही दिवस भिजत ठेवा. तरीही पाण्याला चहासारखा रंग येईल. तो निरुपद्रवी असतो.

नळाचं पाणी चालेल का? की आरओचं घालू?

नळाचं चालतं. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं, पुण्याचं खडकवासल्याचं. पावसाचं साठवलेलं पाणी असल्यामुळे ते मुळात मृदू असतं आणि बहुतेक माशांना सोसतं.

बोअरचं पाणी वेगळं. बादलीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर तुमचं पाणी जड आहे. त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात, उलट मॉलीला मृदू पाण्यापेक्षा तेच बरं. टेट्रा आणि एंजलचा हट्ट असेल तर त्यात थोडं आरओचं पाणी मिसळा. निव्वळ आरओ घालू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएचला आधार राहत नाही आणि तो अचानक घसरतो. आरओच्या पाइपमधून वाया जाणारं पाणी वापरावं असं अनेकांच्या मनात येतं. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

टँकरचं पाणी दर वेळी वेगळ्या ठिकाणचं असू शकतं. त्यावर अवलंबून असाल तर एक मोठा पिंप भरून ठेवा आणि त्यातलंच वापरत राहा.

क्लोरीनचं काय करायचं?

बादली उघडी ठेवून २४ तास राहू द्या. एअर पंपाचा दगड त्यात सोडला तर आणखी लवकर उडतो. घाई असेल तर दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून थेंब किंवा खडे मिळतात. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोच्या डार्करूममधला जुना हायपो. लगेच काम करतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसतं ठेवून उडत नाही, त्याला थेंबच हवेत.

क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो, तसे तुम्ही महिनाभर जपलेले जिवाणूही मारतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की पालिका क्लोरीनची मात्रा वाढवू शकते. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली त्या दिवशी तर नळाचं पाणी फिश टँकला लावूच नका. वॉचमनला विचारून ठेवलेलं बरं.

फिल्टर कुठला?

दोन फुटी टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. स्वस्त, बिघडायला काही नाही, आणि स्पंजमध्ये जिवाणूंना भरपूर जागा. मोटरचा फिल्टर घेत असाल तर ताशी टाकीच्या चार-पाचपट पाणी फिरवणारा बघा. खडीखाली बसवायच्या जाळीच्या फिल्टरच्या मी विरोधात आहे. चालतो, पण खाली गाळ साचला की सगळी टाकी उपसावी लागते.

फिल्टर रात्री बंद करायचा नाही. आवाज येतो, वीज जळते, मासे झोपतात, ही सगळी कारणं ऐकलेली आहेत. एअर पंप अगदी थोडी वीज खातो. जिवाणूंना सतत ऑक्सिजनवालं पाणी लागतं, आणि रोज रात्री बंद होणाऱ्या फिल्टरमध्ये सायकल रखडते.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, किंवा नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळून. नळाखाली कधीच नाही.

आमच्याकडे तासन्‌तास लाइट जाते. सायकल फुकट जाईल का?

दोन-तीन तासांनी काही होत नाही. बंद डब्याच्या फिल्टरला जास्त धोका असतो, कारण आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यातच असल्यामुळे टिकतो. भारनियमन नेहमीचंच असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. मासे आल्यावरही तोच उपयोगी पडेल.

हीटर लागतोच का?

मुंबईत आणि कोकणात बहुतेक वेळा नाही. पुणे, नाशिक, विदर्भात हिवाळ्यासाठी हवा. नाशिकला थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो आणि या माशांना २४ ते २८ अंश लागतात. लिटरला साधारण एक वॉट हा हिशेब, म्हणजे ५५-६० लिटरला ५० किंवा ७५ वॉटचा. आपोआप बंद-चालू होणारा घ्या, २६ वर लावा. पाणी बदलताना आधी बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर उघडा पडल्यावर काच तडकते.

सायकलच्या काळातही ऊब हवी, गारठ्यात जिवाणू फार हळू वाढतात. विदर्भातल्या मे महिन्याचा प्रश्न उलटा. झाकण उघडून वर जाळी लावा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फ टाकू नका.

मासे नसताना सायकल नेमकी कशी करायची?

टाकी लावा, क्लोरीन घालवलेलं पाणी भरा, फिल्टर आणि गरज असेल तर हीटर चालू करा. आता जिवाणूंना अमोनिया द्यायचा आहे. सोपा मार्ग म्हणजे माशांच्या खाण्याची एक चिमूट रोज टाकणं. ते कुजून अमोनिया होतो. मोजमाप राहत नाही, पण काम होतं. कोळंबीचा तुकडा फडक्यात बांधून सोडणारेही आहेत. तेही चालतं, फक्त चौथ्या दिवशी घरातले लोक तुमच्याशी बोलणार नाहीत.

मी नवसागर सुचवतो. तो म्हणजे अमोनियम क्लोराइड, मोजून देता येतो आणि वास नाही. कल्हईवाल्याकडचे खडे नकोत, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणा. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटलीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. या द्रावणाचे ३० मिलिलिटर ५० लिटर पाण्यात साधारण २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया देतात.

तेवढा घाला आणि एक दिवसाआड टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजा. पहिला आठवडाभर आकडा हलणार नाही. मग अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट दिसू लागेल. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत न्या. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला तर जिवाणूंचीच वाढ अडते. नायट्राइट बराच काळ वर चढून बसतं आणि एक दिवस झपकन उतरतं. या काळात पाणी बदलायची गरज सहसा पडत नाही, दिवा बंद ठेवला तरी चालतो.

तीन आठवडे झाले, नायट्राइट हलायलाच तयार नाही.

हा टप्पा असाच लांबतो. दोन गोष्टी तपासा. नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे गेलं असेल तर अर्धं पाणी बदला आणि नवसागर दोन-तीन दिवस थांबवा. दुसरं, पीएच बघा. या सगळ्या क्रियेत पाण्यातला क्षारांचा आधार खर्च होतो, आणि मुंबई-पुण्याच्या मृदू पाण्यात तो मुळातच कमी. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात. ५० लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

हे लवकर करता येतं का?

येतं, विरजण लावून. ज्यांची टाकी वर्षभर नीट चाललेली आहे अशा कुणाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा किंवा फिल्टरमधले सिरॅमिकचे कडे मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. आणताना ओलं राहू द्या, काही तासांत पोचवा. कामाचा काळ निम्म्यावर येऊ शकतो. नुसतं जुन्या टाकीचं पाणी आणून फारसा फायदा नाही, कारण जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, चिकटून राहतात. आणि टाकी ओळखीची हवी. दुकानाच्या टाकीतल्या स्पंजाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येऊ शकतो.

बाटलीतल्या जिवाणूंचं सांगायचं तर काही बाटल्या खरंच मदत करतात, काही नाही. कडक उन्हात तापलेल्या गोदामातून आलेल्या बाटलीवर मी पैसे लावणार नाही. घातली तरी टेस्ट चुकवू नका.

टेस्ट किट घ्यायलाच हवं का?

हो. अमोनिया आणि नायट्राइट दिसत नाहीत, या पातळीला त्यांचा वासही येत नाही. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं. पैसे कमी असतील तर दिवा साधा घ्या, सजावट सोडून द्या, पण हे घ्या.

पाणी दुधासारखं पांढरं झालंय.

कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे दुसरेच जिवाणू एकदम वाढले आहेत. काही दिवसांत आपोआप निवळतं. खाणं जास्त टाकत असाल तर कमी करा. सगळं पाणी ओतून पहिल्यापासून सुरुवात करू नका.

वनस्पती आधी लावू की नंतर?

आधी. त्या अमोनिया थेट शोषतात. जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया यांना साधा दिवा पुरतो, दिवसाला सहा-आठ तास. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड खडीत पुरू नका, सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. तळ्यातून हायड्रिला आणणार असाल तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा. तरी एखादी गोगलगाय येणारच. ती फार त्रास देत नाही, पण चतुराची अळी आली तर बारीक मासे खाते.

बिनमाशांच्या टाकीत डास होतील ना?

साचलेल्या पाण्यात होतात. फिल्टरमुळे पृष्ठभाग हलता राहिला आणि वर झाकण किंवा बारीक जाळी असली की होत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या पालिकेच्या कर्मचाऱ्यालाही हेच दाखवता येतं. मासे आल्यावर प्रश्नच मिटतो. आरोग्य विभाग डबक्यांत सोडतो ते गप्पी मासे आवडीने अळ्या खातात.

टाकी तयार झाली हे कसं ओळखायचं?

२ पीपीएम अमोनिया घाला. २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य, आणि नायट्रेट मात्र दिसतंय, असं लागोपाठ दोन वेळा आलं की झालं. नायट्रेट बरंच साचलेलं असेल. म्हणून मासे आणण्याच्या आदल्या दिवशी ६०-७० टक्के पाणी बदला आणि ते २० पीपीएमच्या जवळ आणा.

पहिले मासे कोणते आणि किती?

झेब्रा डॅनिओचा सहाचा थवा. हा मासा भारतातलाच, काटक आणि सतत हिंडणारा. जड पाणी असेल तर चार-पाच गप्पी किंवा प्लॅटी. गप्पीचे नुसते नरच घ्या, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लांना घरं शोधत फिराल. निऑन टेट्रा महिना-दोन महिन्यांनी, टाकी आणखी मुरल्यावर. पुढची भर दोन-दोन आठवड्यांनी थोडी थोडी, दर वेळी टेस्ट करून.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला जाल तेव्हा दुकानातली अख्खी टाकी बघा, फक्त आवडलेला मासा नको. एकही मेलेला किंवा पर मिटून कोपऱ्यात बसलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काही घेऊ नका.

'काच साफ करतो' म्हणून सकर नावाचा मासा गळ्यात मारतील. दोन इंचांचा तो पिल्लू असतो, मोठा होऊन फूटभर होतो आणि दोन फुटी टाकीत वळूही शकत नाही. मग लोक तो नदीत सोडतात, आणि आपल्या नद्यांत आता हा परका मासा जाळ्यात सापडू लागला आहे. पाळलेला कुठलाच मासा नदी-तळ्यात सोडू नका.

पिशवीतून टाकीत कसे सोडायचे?

दिवा बंद करा. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान सारखं होतं. मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी पिशवीत घाला, पाच-सहा वेळा. शेवटी जाळीने मासे उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

कुरिअरने, दिवसभर पिशवीत राहून मासे आले असतील तर हा लांबलचक सोपस्कार नको. पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच पडल्याने त्याचा दाह कमी असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी बंद पिशवीतच तापमान जुळवा, उघडा आणि लगेच जाळीने टाकीत घ्या.

त्या दिवशी खायला घालू नका.

टाकी तयार आहे, पण गणपतीला गावी जायचंय. मासे परत आल्यानंतरच आणले तर चालेल?

चालेल, तेच करा. फिल्टर चालू ठेवा, झाकण लावा. आठ-दहा दिवस अमोनिया मिळाला नाही तरी जिवाणूंची वस्ती नाहीशी होत नाही, थोडी मंदावते. निघण्याच्या दिवशी नवसागराची एक मात्रा द्या आणि परतल्यावर आणखी एक. २४ तासांत दोन्ही आकडे शून्यावर आले तर पाणी बदलून मासे आणा. नाही आले तर तीन-चार दिवस रोज टेस्ट करत थांबा. सहसा तेवढ्यात गाडी रुळावर येते. त्याहून जास्त दिवस टाकी रिकामी राहणार असेल, तर एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकायला शेजाऱ्यांना सांगून जा, आणि चिमूट म्हणजे किती ते पुड्या बांधून द्या.